डबल डेन्सिटी पीयू सोलचे सेफ्टी शूज: गुळाच्या गोदामात कितपत टिकतात?

पावसाळ्यात मार्केट यार्डातल्या गोदामात गुळाला पाझर सुटतो, फरशी चिकट होते आणि वरून ओले बारदान. डोक्यावर गुळाचा ३० किलोचा रवा (ढेप) असताना पाय सटकला की मनगट नाहीतर कंबर गेलीच. अशा ठिकाणी हे बूट (सोल पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा, दोन वेगळ्या घनतेच्या थरांचा) चपलेपेक्षा कितीतरी बरे. पायाच्या बोटांवर २०० जूलचा आघात सोसणारी स्टीलची टोपी आहे, टाच घट्ट बसते.

घेताना आयएसआय मार्कासोबत ‘एसआरसी’ हा घसरण-चाचणीचा शिक्का बघा. म्हणजे साबणपाण्याची फरशी आणि ग्लिसरीन लावलेला स्टीलचा पत्रा, दोन्हींवर चाचणी झालेली असते. गुळावर मात्र कुणी चाचणी घेत नाही! खाचांत गूळ-माती बसली की सोल सपाट होतो, मग शिक्का असून उपयोग शून्य. जेवणाच्या सुट्टीत कोमट पाणी आणि ताठ ब्रश, दोन मिनिटांचं काम. डिझेलने पुसू नका.

खोट एकच, पण मोठी: पीयू दमट हवेत आपोआप भुगा होतो. वर्षानुवर्षे पडून असलेला माल स्वस्तात मिळाला तरी नको. आत छापलेला उत्पादनाचा महिना वाचा. टाचेकडच्या खाचा झिजल्या की जोड बदला.