हात दाखवून अवलक्षण: सिस्टिम रिस्टोअर आठ महिने वापरल्यावर

आमच्या घरच्या कॉम्प्युटरला तसं काही झालं नव्हतं. चालू व्हायला वेळ घ्यायचा, दीड-दोन मिनिटं, एवढंच. पण सुट्टीच्या दिवशी रिकामी बसले होते आणि 'एका मिनिटात कॉम्प्युटर दुप्पट वेगवान' अशा थाटाचा एक व्हिडिओ समोर आला. त्यातल्या माणसाने एमएसकॉन्फिग, म्हणजे विंडोज सुरू कसं व्हावं हे ठरवायची खिडकी, उघडली, बूट टॅबमधल्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये गेला आणि प्रोसेसरची संख्या व कमाल मेमरी या दोन चौकटींवर टिक केली. मीही केली. मेमरीचा आकडा मेगाबाइटमध्ये द्यायचा असतो, म्हणजे ८ जीबीला ८१९२. मी टाकले ८१९. शेवटचा दोन कुठे राहिला देव जाणे.

रीस्टार्ट केल्यावर लोगो आला, ठिपके गोल गोल फिरले आणि मग काळा पडदा. अर्धा तास तसाच. बटण दाबून बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा तेच.

(त्या दोन चौकटींनी वेग वाढत नाही, हे नंतर कळलं. त्या मर्यादा घालण्यासाठी आहेत, कमी मेमरीच्या मशीनवर आपला प्रोग्राम कसा चालेल हे बघू पाहणाऱ्यांच्या सोयीसाठी. टिक नसताना विंडोज मिळेल तेवढी सगळी मेमरी आणि प्रोसेसरचे सगळे कोअर (काम करणारे भाग) वापरतच असतं. पण हे त्या व्हिडिओत कोण सांगणार?)

बहिणीच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, सुरू होता होता दोन-तीनदा बंद कर, म्हणजे दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येईल." आला. त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. स्टार्टअप रिपेअर चालवलं, त्याने हात वर केले. मग सिस्टिम रिस्टोअर, म्हणजे विंडोजला आधीच्या स्थितीत मागे नेणारी सोय, उघडलं, तर एकही रिस्टोअर पॉइंट, म्हणजे मागे जाण्यासाठी साठवलेली स्थिती, नाही. "असे पॉइंट करणारं सिस्टिम प्रोटेक्शन चालूच नव्हतं ना तुझं," तो म्हणाला. मला वाटत होतं, अशा गोष्टी मुळातच चालू असतात. विंडोज १० आणि ११ मध्ये त्या बऱ्याचदा बंद असतात, आणि हे कळतं ते नेमकं गरज पडल्यावर.

शेवटी कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. फोन कानाला लावून मी टाइप करत होते: बीसीडीएडिट, स्पेस, स्लॅश, डिलीटव्हॅल्यू, स्पेस, कंसात डिफॉल्ट, स्पेस, ट्रंकेटमेमरी. "महिरपी कंस, मावशी, साधा नाही." पुन्हा टाइप केलं. तशीच दुसरी ओळ प्रोसेसरच्या टिकेसाठी, शेवटी नमप्रॉक. एंटर, रीस्टार्ट, आणि पडदा उजळला. दोन ओळींचं काम होतं, पण त्या दोन ओळींपर्यंत पोचायला माझी संध्याकाळ गेली.

त्याच रात्री सिस्टिम प्रोटेक्शन चालू केलं. आज आठ महिने झाले, म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

चालू करणं सोपं आहे. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधायचं, सी ड्राइव्ह निवडून कॉन्फिगरमध्ये जायचं, प्रोटेक्शन ऑन करायचं आणि किती जागा द्यायची ती पट्टी सरकवायची. मी २५६ जीबीच्या ड्राइव्हवर ५ टक्के दिले, म्हणजे बारा-तेरा जीबी. माझ्याकडे त्यात चार-पाच पॉइंट मावतात; जागा भरली की सर्वांत जुना आपोआप जातो. आधी २ टक्के ठेवले होते, तेव्हा हवा असलेला पॉइंट नेमका उडालेला असायचा. जागा देताना हात आखडू नका. वापरात नसताना मशीन यामुळे हळू झाल्याचं मला तरी जाणवलं नाही.

पहिली खरी परीक्षा दुसऱ्या महिन्यात झाली. डिस्प्लेचा नवा ड्रायव्हर (पडदा चालवणारा प्रोग्राम) टाकला आणि पडदा लुकलुकायला लागला. ड्रायव्हर टाकण्याआधी मी हाताने पॉइंट केला होता, त्याला नावही दिलं होतं, 'ड्रायव्हरच्या आधी'. रिस्टोअर सुरू केलं, पंचवीसेक मिनिटं लागली, आणि सगळं होतं तसं झालं. त्या पंचवीस मिनिटांत काहीही दाबू नका. मधेच बंद केलं तर आगीतून फुफाट्यात.

दुसऱ्या दिवशी मुलगी विचारते, "आई, माझं चित्रांचं सॉफ्टवेअर कुठे गेलं?" तिने ते त्या पॉइंटनंतर टाकलं होतं, म्हणून तेही पुसलं गेलं. चित्रं मात्र जशीच्या तशी होती. रिस्टोअर तुमच्या फाइलींना हात लावत नाही, फक्त प्रोग्राम, ड्रायव्हर, अपडेट आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) मागे नेतं. सुरू करण्याआधी 'स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्राम्स' म्हणून एक दुवा असतो, त्यावर काय काय जाणार आणि काय काय परत येणार याची यादी दिसते. मी तो बघितलाच नव्हता. आता बघते, आणि घरात मोठ्याने वाचूनही दाखवते.

याचीच दुसरी बाजू म्हणजे पुसलेली फाइल यातून परत येत नाही. मुलीने एकदा शाळेचा प्रकल्प डिलीट केला आणि मोठ्या आशेने माझ्याकडे आली. मी रिस्टोअर केलंही असतं, पण उपयोग शून्य. बॅकअप वेगळा, हे वेगळं. नावात रिस्टोअर आहे म्हणून पुष्कळ जण फसतात, तशी मीही फसले होते.

चौथ्या महिन्यात पुन्हा हात शिवशिवले. सर्व्हिसेसची, म्हणजे मागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रामची, यादी उघडली. त्यात 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' अशा दोन दिसल्या. आवाजाला दोन-दोन कशाला, म्हणून दुसरी डिसेबल केली. आवाज बंद. पहिली सर्व्हिस दुसरीच्या जिवावर चालते, हे तिच्या डिपेंडन्सीज टॅबमध्ये स्पष्ट दिलेलं असतं. पण तोवर मी एक सवय लावून घेतली होती: बदल करायच्या आधी वहीत लिहायचं, काय होतं आणि काय केलं. वही उघडली, 'ऑटोमॅटिक' वाचलं, तसं परत केलं, आवाज आला. रिस्टोअरची गरजच पडली नाही. खरं सांगायचं तर आठ महिन्यांत रिस्टोअरपेक्षा वहीनेच जास्त वेळा सोडवलं आहे.

आता सगळ्यांत फजितीची गोष्ट. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, डिस्कचा मोड रेडवर (RAID) होता. एएचसीआय हा दुसरा मोड बरा, असं कुठेतरी वाचलं आणि बदलला. पुढच्या सुरुवातीला निळा पडदा, त्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. या वेळी मी निर्धास्त होते, पॉइंट होता ना! दुरुस्तीच्या पडद्यावरून रिस्टोअर केलं, चाळीस मिनिटं थांबले, 'यशस्वी' असा संदेश आला. रीस्टार्ट केला, पुन्हा तोच निळा पडदा. पुन्हा फोन.

"मावशी, तू बदललंस ते डिस्कवर आहे का?" त्याने विचारलं. मी गप्प. "ते मदरबोर्डवरच्या चिपमध्ये आहे. विंडोजला तिथे हात घालता येत नाही. जिथे बदललंस तिथेच जाऊन परत बदल." बायोसमध्ये जाऊन रेड केलं, मशीन मुकाट सुरू झालं. चाळीस मिनिटं मी डाव्या पायाचा काटा उजव्या पायात शोधत होते.

त्यानंतर मी वहीत तीन रकाने आखले: विंडोजच्या आतलं, बूटच्या नोंदीतलं, बायोसमधलं. ड्रायव्हर, सर्व्हिस, रजिस्ट्री हे पहिल्यात, तिथे रिस्टोअर चालतं. मेमरीची ती टिक दुसऱ्यात. ती बीसीडी नावाच्या वेगळ्या जागी लिहिली जाते, म्हणून तिच्यासाठी बीसीडीएडिट. म्हणजे पहिल्या रात्री पॉइंट असता तरी त्याच्या भरवशावर राहणं शहाणपणाचं नव्हतंच. तिसऱ्या रकान्यापुढे मी फक्त 'फोटो' लिहिलं आहे: बायोसमधल्या प्रत्येक पानाचा बदलाआधी मोबाइलवर फोटो काढायचा, कारण तिथे स्क्रीनशॉट कुठे ठेवला ते शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

बायोसचा विषय निघालाच आहे तर मुलीच्या लॅपटॉपवरची गोष्ट. तिथे मी सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रोग्रामवरून मशीन सुरू होऊ न देणारी सोय, बंद केलं, एका पेनड्राइव्हवरून काहीतरी चालवायचं होतं म्हणून. लगेच पडद्याने ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे डिस्कचं कुलूप उघडायचा आकडा, मागितली. लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, आहे हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. नशिबाने की तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली निघाली, मोबाइलवरून उघडून एकेक आकडा टाकला. खातं उघडलं नसतं तर काय, हा विचार मी अजूनही पुढे नेत नाही. बायोसमध्ये शिरण्याआधी ही की कुठे आहे ते बघून कागदावर उतरवा, आणि तो कागद त्याच लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.

एकदा रिस्टोअरने दगाही दिला. विंडोजमधून चालवलं आणि शेवटी 'पूर्ण झालं नाही' असा संदेश. अँटीव्हायरसने फाइली धरून ठेवल्या की असं होतं. तोच पॉइंट शिफ्ट दाबून रीस्टार्ट केल्यावर येणाऱ्या निळ्या पडद्यावरून चालवला, तर एका दमात झाला. आता मी थेट तिथूनच करते.

आणखी दोन कुरबुरी. विंडोजची मोठी आवृत्ती बदलली की आधीचे पॉइंट जातात. त्यासाठी सेटिंग्जमध्ये मागे जायची वेगळी सोय असते, पण ती साधारण १० दिवसच. आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत पॉइंट जास्तीत जास्त ६० दिवस टिकतात. म्हणजे मार्चमध्ये केलेला पॉइंट जूनमध्ये शोधू नका. रजिस्ट्रीची आपोआप होणारी प्रत तर विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून बंदच आहे. त्यामुळे रजिस्ट्रीत बोट घालण्याआधी बदलायचा तो भाग (त्यालाही 'की'च म्हणतात) एक्स्पोर्ट करून ठेवते, दहा सेकंदांचं काम.

ही सोय विंडोज मिलेनियमपासून आहे, म्हणजे २००० सालापासून. इतकी जुनी, तरी चालू करायला अजून आपल्यालाच सांगावं लागतं, याचा मला रागच येतो. पाचपैकी गुण द्यायचे तर साडेतीन. ड्रायव्हर आणि अपडेटच्या घोळाला पाचच्या पाच. अर्धवट माहितीवर बायोसमध्ये शिरणाऱ्या माझ्यासारखीला शून्य, पण तो दोष या सोयीचा नाही.

राहता राहिला तो दीड-दोन मिनिटांचा उशीर, ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला. गेल्या महिन्यात भाचा घरी आला होता. त्याने टास्क मॅनेजरमधला स्टार्टअप टॅब उघडला, कधीकाळी टाकलेले दोन प्रोग्राम डिसेबल केले आणि म्हणाला, "बघ आता." पस्तीस सेकंद. मी वही काढली आणि पहिल्या रकान्यात दोन्ही नावं लिहिली.