झटका मशीन की चेनलिंक जाळी? डोंगरकडेच्या शिवारासाठी तुलना

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरीत जंगलालगत शेत असेल, तर पीक राखायला दोनच पर्याय आहेत: सोलरवरचं झटका मशीन (कुंपणाच्या तारेत थांबून थांबून झटका सोडणारं यंत्र) किंवा जाळीचं कुंपण. चोरून वापरली जाणारी फासकी आणि आकडा टाकून तारेत सोडलेला करंट यांचा विचारही करू नका.

फासकी रानडुकरासाठी लावली तरी त्यात कोण अडकेल हे लावणाऱ्याच्या हातात नसतं. चांदी अस्वल (हनी बॅजर, खरं अस्वल नव्हे) रात्री जमीन हुंगत, उंदीर-किडे उकरत फिरतं. खवले मांजरही मुंग्या-वाळवीसाठी तसंच फिरतं. बिबट्यासह हे तिघेही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांच्या शिकारीला किमान ३ ते कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड आहे. फास लावणं, विष घालणं, तसा नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा कायद्याने शिकारच, म्हणजे रिकामी फासकीही महागात पडते. रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. ते उभ्या पिकाचं नुकसान करत असलं, तरी वन विभागाच्या लेखी आदेशाशिवाय मारता येत नाही.

आकड्याचा करंट अखंड वाहतो. स्नायू आखडतात, तार सुटत नाही. जनावर मरतं तसा पाणी पाजायला गेलेला माणूसही मरतो. झटका मशीन काही हजार व्होल्ट देतं, पण साधारण सेकंदाला एकदा आणि क्षणभरच. मधल्या वेळात जनावराला मागे सरता येतं. मेन लाइन थेट तारेला जोडली, तर मशीन असूनही तो मोकळा करंटच.

डुकरासाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून २० ते २५ सेंमी हवी. त्याहून वर गेली की ते खालून घुसतं. गव्यांसाठी वर आणखी तारा लागतात. बिघाड बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये असतो: जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि झटका लागतच नाही. तीन जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) रॉड ३-३ मीटरवर खोल ठोका, तिथे पाणी घाला. पावसाळ्यात गवत आणि उसाचा पाला तारेला टेकून व्होल्टेज गळतं, म्हणून तारेच्या दोन्ही बाजूंची पट्टी साफ ठेवा. कुंपणाच्या व्होल्टमीटरवर ३ हजार व्होल्टच्या खाली आकडा आला, तर कुंपण नावापुरतंच उरतं. सततच्या ढगाळ दिवसांत बॅटरीही तपासा.

चेनलिंक जाळीला रोजची देखभाल नाही, पण खर्च बराच जास्त. नुसती उभी केली तर डुक्कर खालून उकरतं. फूटभर जाळी जमिनीत गाडा किंवा बाहेरच्या बाजूला आडवी वळवून दगड-मातीखाली दाबा. गवा रेटला तर ती टिकत नाही. शिवाय लहान प्राण्यांच्या वाटा बंद होतात, म्हणून सगळ्या शिवाराला जाळी मारू नये.

आमचा कल स्पष्ट आहे. ऊस, मोठं क्षेत्र आणि गव्यांचा वावर असेल तर झटका मशीन; भुईमूग किंवा रताळ्याचा लहान तुकडा असेल, रोज लक्ष देता येत नसेल, तर गाडलेली जाळी. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. गाव पात्र आहे का ते वन परिक्षेत्र कार्यालयात विचारा.

कुंपण असूनही डुक्कर किंवा गव्याने पीक नासवलं, तर तीन दिवसांच्या आत वन विभागाला कळवा. पंचनामा होईपर्यंत पावलांचे ठसे आणि मोडलेलं पीक तसंच राहू द्या, रान नांगरू नका.