एका एनव्हीआरवर तीन मॉनिटर : अनेक महिन्यांच्या वापरानंतर

१६ कॅमेरे, एक एनव्हीआर (कॅमेऱ्यांची चित्रं नेटवर्कवरून घेऊन साठवणारा रेकॉर्डर) आणि तीन पडदे. पहिला रेकॉर्डरशेजारी, दुसरा फाटकाजवळच्या चौकीत, तिसरा वरच्या ऑफिसात. ही मांडणी बरेच महिने दिवसरात्र चालू आहे. तिन्ही पडदे चांगले चालतात, पण जोडणी प्रत्येकाची निराळी आहे. तिघांनाही एकाच पद्धतीने जोडलं असतं तर निदान एका जागेचे लोक रोज वैतागले असते, असं आता मी खात्रीने सांगू शकतो.

रेकॉर्डरच्या मागे एचडीएमआय आणि व्हीजीए अशी दोन सॉकेट दिसतात आणि दोन पडद्यांची सोय झाली असं वाटतं. पुष्कळ मॉडेलांत या दोन्हींवर एकच चित्र येतं. ऑफिसातल्या कुणी जुनं रेकॉर्डिंग उघडलं की चौकीतल्या माणसासमोरही तेच रेकॉर्डिंग चालू होतं, आणि तेवढा वेळ फाटकाकडे कुणाचंच लक्ष नसतं. एचडीएमआय स्प्लिटर लावला तरी हेच होणार, कारण तो एका चित्राच्या प्रती काढतो, नवं चित्र बनवत नाही. वेगवेगळी दृश्यं हवी असतील तर माहितीपत्रकात दोन्ही आउटपुट स्वतंत्र आहेत असं स्पष्ट लिहिलेला रेकॉर्डरच घ्यावा. आमच्या रेकॉर्डरला असे दोन एचडीएमआय आहेत. पहिल्यावर १६ कॅमेऱ्यांची जाळी, दुसऱ्यावर फक्त फाटक, वाहनतळ आणि दोन दरवाजे. चौकीतल्या माणसाला चारच चित्रं पण मोठी मिळतात, आणि त्याला पाहिजे असतं ते एवढंच.

सगळ्यात जास्त विचार चौकीच्या वायरवर करावा लागला. साधी तांब्याची एचडीएमआय केबल १०-१५ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. चित्रात ठिपके चमकतात, मध्येच पडदा काळा होतो. म्हणून कॅट-६ या नेटवर्कच्या वायरवर चालणारा एक्स्टेंडर घेतला, म्हणजे चित्र लांब नेणारे दोन डबे, वायरच्या दोन टोकांना एकेक. यात दोन प्रकार आहेत आणि दुकानात ते शेजारी शेजारी ठेवलेले असतात. एकाची वायर या डब्यातून थेट त्या डब्यात जावी लागते. प्लग नेटवर्कचाच दिसतो, पण मध्ये नेटवर्कचा स्विच टाकला तर काहीच चालत नाही. दुसरा प्रकार स्विचमधून जातो, मात्र स्विचमध्ये मल्टिकास्टची (प्रवाह फक्त मागणाऱ्या उपकरणांकडेच पाठवण्याची) नीट व्यवस्था नसेल तर त्याची गर्दी नेटवर्कभर पसरते आणि कॅमेऱ्यांनाही त्रास होतो. मी पहिला प्रकार निवडला, कारण चौकीपर्यंत स्वतंत्र वायर ओढता येत होती. वायर अस्सल तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण लांब अंतरावर तीच आधी दगा देते.

एक्स्टेंडरचे दोन्ही डबे चांगले गरम होतात. त्यांच्यावर काही ठेवू नका, कपाटात कोंडू नका. आणि रेकॉर्डर यूपीएसवर आहे एवढ्यावर समाधान मानू नका. एक्स्टेंडर आणि चौकीतला मॉनिटर यूपीएसवर नसतील तर वीज गेल्यावर रेकॉर्डिंग होत राहतं, पण पाहणाऱ्याला काळोखच दिसतो. वीज परत आल्यावर आणखी एक गोष्ट घडू शकते. रेकॉर्डर सुरू होताना समोर पडदा जागा नसेल तर काही मॉडेलं कमी रेझोल्युशनवर उघडतात. म्हणून मेनूमध्ये रेझोल्युशन आपोआप निवडण्यावर न सोडता चौकीच्या आउटपुटसाठी १९२० बाय १०८० पक्कं करून ठेवलं आहे.

चौकीत माउस मुद्दामच दिलेला नाही. यूएसबीसकट एक्स्टेंडर मिळतात, पण जिथे पाळीपाळीने माणसं बदलतात तिथे नुसतं बघणं पुरे.

मनाविरुद्ध जाणारी एकच बाब म्हणजे डिकोडिंगची, म्हणजे दाबून आलेलं चित्र पडद्यासाठी उलगडण्याची ताकद. १६ चॅनलचा रेकॉर्डर १६ कॅमेरे रेकॉर्ड करतो, याचा अर्थ १६ कॅमेरे पूर्ण रेझोल्युशनमध्ये एकाच वेळी पडद्यावर दाखवतो असा नाही. दोन्ही आउटपुट ही ताकद वाटून घेतात. मुख्य पडद्यावर दोन-तीन ४के कॅमेरे मोठे केले की दुसऱ्या पडद्यावरच्या एखाद्या चौकटीत चित्राऐवजी क्षमता अपुरी असल्याचा संदेश येतो. यावर उपाय म्हणजे जाळीसाठी सब स्ट्रीम (कॅमेऱ्याचं कमी रेझोल्युशनचं हलकं चित्र) आणि मोठं करून पाहतानाच मेन स्ट्रीम (पूर्ण रेझोल्युशनचं चित्र). छोट्या चौकटीत डोळ्यांना फरक जाणवत नाही.

याच कारणाने तिसरा पडदा रेकॉर्डरला जोडलाच नाही. ऑफिसात एक छोटा संगणक आहे आणि त्यावर क्लायंट सॉफ्टवेअर चालतं. तिथे रेकॉर्डर फक्त स्ट्रीम पाठवतो, चित्र उलगडण्याचं काम संगणक करतो. हिशेब सोपा आहे : मेन स्ट्रीम ४ एमबीपीएसची धरली तर १६ कॅमेऱ्यांचे ६४ एमबीपीएस होतात, ५१२ केबीपीएसच्या सब स्ट्रीमवर तेच काम ८ एमबीपीएसमध्ये भागतं. चित्र एच.२६५ या पद्धतीने दाबलेलं असेल तर ते हार्डवेअरवर उलगडणारा संगणक हवा, नाहीतर प्रोसेसर सतत धापा टाकतो. ऑफिससाठी वेगळा युजर केला आहे, त्याला फक्त लाइव्ह पाहण्याची परवानगी. ॲडमिनचा पासवर्ड भिंतीवरच्या पडद्यासाठी कधीही वापरू नये.

नेटवर्कवरच्या चित्राला थोडा उशीर होतो, एक-दोन सेकंद. ऑफिसात चालून जातं, फाटक उघडणाऱ्याला चाललं नसतं. त्याहून गंभीर म्हणजे जोडणी अडखळली तर शेवटचं चित्र तसंच गोठून राहू शकतं, आणि रिकाम्या जिन्याचं गोठलेलं चित्र जिवंत चित्रासारखंच दिसतं. त्यामुळे प्रत्येक कॅमेऱ्याच्या चित्रावर सेकंदांसकट घड्याळ ठेवलंय आणि सेकंद पुढे सरकताहेत ना, हे पाहायची सगळ्यांना सवय लावली आहे.

मॉनिटरऐवजी टीव्ही लावणार असाल तर ओव्हरस्कॅन (चित्र थोडं मोठं करून कडा पडद्याबाहेर घालवणारी सेटिंग) बंद करा, नाहीतर कडेची तारीख-वेळ कापली जाते. काही तासांनी आपोआप बंद होण्याची सेटिंगही काढा. चौकटींच्या रेषा कायम एकाच जागी राहतात, म्हणून ब्राइटनेस उतरवून ठेवलेला बरा.

आता मागच्या दाराशी चौथ्या पडद्याची मागणी आहे. तोही नेटवर्कवरूनच देणार आहे, सब स्ट्रीमवर, दोनच कॅमेऱ्यांसह.