इंजेक्शन, गोळ्या की तांबी? दुष्परिणाम बघून ठरवताना

गर्भनिरोधक इंजेक्शन घ्यावं, गोळ्या सुरू कराव्यात की तांबी बसवावी, हे ठरवताना बहुतेक जणी आधी विचारतात, ‘सगळ्यात सुरक्षित काय?’ माझ्या मते त्याआधी हे विचारावं: त्रास झालाच तर तो थांबवता येईल का, आणि किती लवकर?

इंजेक्शन वेगळं पडतं ते इथे. गोळी बंद केली की काही दिवसांत तिचा अंमल उतरतो. तांबी डॉक्टर काही मिनिटांत काढून देतात. पण दर तीन महिन्यांनी घ्यायचं डीएमपीए हे हार्मोनचं इंजेक्शन (150 मिलिग्रॅम) एकदा टोचलं की परत काढता येत नाही. त्रास झाला तर औषध उतरेपर्यंत, म्हणजे तीन महिने किंवा त्याहूनही जास्त, सोसावा लागतो.

सगळ्यात जास्त तक्रार असते ती अंगावरून जाण्याची. पहिले काही महिने पाळीचा काही नेमच राहत नाही. भरपूर जातंच असं नाही. बरेचदा नुसते तपकिरी डाग, पण ते दिवसेंदिवस. थांबलं म्हणून पॅड ठेवणं बंद करावं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. सहसा यात धोका नसतो, पण वैताग खरा असतो, आणि आधी कुणी सांगितलेलं नसलं तर बाई घाबरून जाते. यावर थोड्या दिवसांचं औषध देता येतं, तेव्हा डॉक्टरांशी बोलायला संकोच करू नका. फार जास्त किंवा लांबलेला रक्तस्राव मात्र तपासून घ्यायलाच हवा.

पुढे चित्र उलटतं. वर्षभर इंजेक्शन घेतल्यावर जवळपास निम्म्या जणींची पाळी थांबते. ‘रक्त आत साचतं’ ही भीती निराधार आहे. गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं, त्यामुळे बाहेर पडण्यासारखं फारसं काही तयार होत नाही. अंगात रक्त कमी असलेल्या बाईच्या ते पथ्यावरच पडतं. तांबीचं नेमकं उलट: तिच्यात हार्मोन नाही, पण पाळीत जास्त जातं आणि ओटीपोटात कळा येतात, विशेषतः पहिले तीन ते सहा महिने. आधीच भरपूर जात असेल तर तांबी माझी पहिली पसंती नसेल.

मिश्र गोळ्यांनी, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन असलेल्या गोळ्यांनी, पाळी नेमाने येते. मळमळ, स्तन दुखणं, डोकेदुखी हे त्रास बहुधा दोन-तीन महिन्यांत कमी होतात. मात्र त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो. म्हणून पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, रक्तदाब जास्त असलेल्या किंवा डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठणाऱ्या बाईने त्या टाळाव्यात. शिवाय गोळी रोज आठवणीने घ्यावी लागते. नेहमीच्या वापरात वर्षभरात 100 जणींपैकी गोळ्यांवर साधारण 7 जणींना दिवस राहतात, इंजेक्शनवर 4, तांबीवर एकीलाही जेमतेम.

इंजेक्शनने वजन वर्षाला सरासरी 1 ते 2 किलो वाढतं, काहींचं अजिबात नाही. पहिल्या सहा महिन्यांतच ते 5 टक्क्यांहून जास्त वाढलं, तर पुढेही वाढण्याची शक्यता असते. अशा वेळी मी पद्धत बदलायला सांगेन. मन उदास राहत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. हाडांची घनता काहीशी कमी होते, इंजेक्शन बंद केल्यावर बरीचशी भरून येते. दीर्घ वापराचा मेंदूच्या आवरणातल्या गाठीशी, मेनिंजिओमाशी, संबंध 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच अभ्यासात दिसला. ही गाठ मुळातच विरळ आहे, पण ती पूर्वी झालेली असेल तर हे इंजेक्शन नको.

मूल लवकर हवं असेल तर माझं मत ठाम आहे: वर्ष-दीड वर्षात दिवस राहावेत अशी इच्छा असल्यास इंजेक्शन घेऊ नका. त्याने कायमचं वंध्यत्व येत नाही, पण शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी दहा महिने लागतात. तांबी काढली की लगेच राहू शकतात.

अंगावर पाजत असाल तर बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर इंजेक्शन चालतं. मिश्र गोळ्या मात्र बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत नकोत. आणखी एक गोष्ट इंजेक्शनच्या बाजूने जाते: घरात पाकीट किंवा डबी ठेवावी लागत नाही, कुणाला कळत नाही. काही बायकांसाठी हेच सगळ्यात मोठं कारण असतं, आणि ते पुरेसं आहे.

स्तनाचा कर्करोग झालेला असेल, रक्तदाब फार जास्त असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर पहिल्या इंजेक्शनआधीच सांगा. एचआयव्हीपासून यातलं काहीच वाचवत नाही. त्यासाठी कंडोम वेगळा लागतोच.