टेस्टोस्टेरॉन: इंजेक्शन की कॅप्सूल? काही महिन्यांच्या वापरानंतर

कॅप्सूल दिसायला सोपी, सांभाळायला अवघड. आपल्याकडे ४० मिलिग्रॅमची अनडेकॅनोएट (टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं एक औषधी रूप) मिळते. तिच्यात निव्वळ टेस्टोस्टेरॉन जेमतेम २५ मिलिग्रॅम. सुरुवातीला दिवसाला तीन-चार, सकाळ-संध्याकाळ विभागून. हे औषध यकृताला वळसा घालून लसिकेच्या (लिम्फच्या) वाटेने रक्तात जातं आणि त्यासाठी जेवणात तेल-तूप लागतं. कोऱ्या चहाबरोबर घेतलेली कॅप्सूल जवळपास वाया. २० ग्रॅमच्या आसपास स्निग्ध हवं: मोठा चमचाभर तूप १३-१४ ग्रॅम, बाकीचं भाजीच्या फोडणीतून येतं. उपवासाला दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी चालते, नुसती फळं नाही. ‘औषध लागूच पडत नाही’ म्हणणाऱ्याने आधी ताटात बघावं.

एनॅन्थेट (टेस्टोस्टेरॉनचंच दुसरं रूप) २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर दोन-तीन आठवड्यांनी. पातळी पहिल्या दोन-तीन दिवसांतच शिखर गाठते. पुढच्या इंजेक्शनच्या आधीचे दिवस मरगळीचे, चिडचिडीचे. यावर डोस वाढवून मागू नका, शिखर आणखी उंच होतं. तेवढंच औषध लहान डोसांत, कमी अंतराने देता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. सस्टॅनॉन या टेस्टोस्टेरॉनच्या दुसऱ्या इंजेक्शनमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. दाण्याची ॲलर्जी असेल तर तो पर्याय बाद.

१००० मिलिग्रॅमचं अनडेकॅनोएटचं इंजेक्शन बरंच सपाट चालतं, पातळीचे चढउतार कमी. दुसरं सहा आठवड्यांनी, मग १० ते १४ आठवड्यांनी. पण ते ४ मिली एरंडेल तेल, काकवीसारखं दाट. कुल्ल्याच्या स्नायूत खोलवर देताना दट्ट्या रेटायचा नाही. पुरी दोन मिनिटं लागू द्यायची. तेलाचे थेंब फुप्फुसात पोचले तर खोकल्याची उबळ येते, दम लागतो. म्हणून नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. घरी टोचून घ्यायचा हा प्रकार नव्हे.

रिपोर्टची तुलना करताना वेळ लिहून ठेवा. १००० चं असेल तर रक्त पुढच्या इंजेक्शनच्या लगेच आधी द्यायचं. कॅप्सूल असेल तर गोळीनंतर किती तासांनी दिलं तेही नोंदवा, नाहीतर आकडा निरर्थक. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर गेलं की औषध थांबवून कारण शोधतात. इंजेक्शनवर हे जास्त दिसतं. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणीही सोबत करून घ्या. अमेरिकेत तोंडावाटेच्या नव्या अनडेकॅनोएटवर रक्तदाब वाढण्याचा ठळक इशारा छापलेला असतो, तेव्हा कॅप्सूलवाल्यांनी बीपी मोजत राहावं.

आणि मूल हवं असेल तर दोन्ही नकोत; बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की वृषणातली शुक्राणूंची निर्मिती मंदावते, कधी पार थांबते. हे पहिल्या डोसच्या आधी डॉक्टरांना सांगायचं.