डीएलसी कोटिंगचं जॉबवर्क: खाऱ्या हवेत चालतं का?

रत्नागिरीहून पार्ट पुण्याकडे पाठवून डीएलसी (डायमंड-लाइक कार्बन, म्हणजे हिऱ्यासारख्या कडक कार्बनचा पातळ थर) करून आणण्याची ही सेवा. काम चोख आहे, पण प्रत्येक पार्टवर पैसे घालू नका. डिझेल पंपाचे प्लंजर, आंबा पल्प भरणाऱ्या मशिनचे कडक स्टीलचे पिस्टन, इथे वसूल होतात. ट्रॉलरच्या खाऱ्या पाण्याच्या पंपाचा शाफ्ट मात्र पाठवू नका. कोटिंगला बारीक छिद्रं राहतातच. त्यातून पाणी शिरलं की खालचं स्टील गंजतं आणि वरचा थर पोपडा धरून सुटतो. साध्या ३१६ स्टेनलेस स्टीलवरही तीच गत, कारण खालचा धातूच मऊ. दाब आला की अंड्याच्या कवचासारखं तडकतं. पाया निदान ५८ एचआरसी (रॉकवेल मापाने कडकपणा) हवा.

पद्धत योग्य आहे: अल्ट्रासॉनिक धुलाई, व्हॅक्यूममध्ये आर्गॉन आयनांनी सफाई, मग क्रोमियमचा थर आणि शेवटी ॲसिटिलीनच्या प्लाझ्मातून कार्बन. क्रोमियम वगळला तर ताणामुळे कार्बन स्टीलला धरत नाही. जाडी दोन-अडीच मायक्रॉन पुरे. जास्त मागाल तर आतला ताण वाढून थर उडतो. चेंबर २०० अंशांच्या आसपास तापतं, म्हणून ईएन-३१ या बेअरिंग स्टीलचा पार्ट १६० अंशांवर टेंपर केलेला (कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवलेला) असेल तर तो मऊ पडणार. टेंपरिंगचं तापमान चलनावर लिहून द्या, विचारायची वाट बघू नका.

पाठवण्याआधी लॅपिंग (बारीक घासाई) करून आरए, म्हणजे पृष्ठभागाचा खडबडीतपणा, ०.१ मायक्रॉनच्या आत आणा. सिलिकॉन ग्रीस अजिबात नको. धुऊनही अंश राहतो आणि तिथेच कोटिंग सुटतं. खोल भोकाच्या आत कोटिंग पोचत नाही, साधारण व्यासाएवढ्या खोलीपर्यंतच धरा.

माल आल्यावर एका नमुन्यावर रॉकवेलचा (कडकपणा मोजायच्या मशिनच्या टोकाचा) ठसा मारून भिंगाखाली पाहावा. ठशाभोवती केसासारख्या चिरा चालतात, पण टवके उडाले तर माल परत. आमचा नमुना एचएफ-१ (थर चिकटण्याची सर्वात चांगली श्रेणी) निघाला, तक्रार नाही.

तक्रार पॅकिंगची. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून आलेल्या मालाच्या कोटिंग नसलेल्या बोअरवर पावसाळ्यात तांबूस गंज चढला होता. व्हीसीआय कागद (गंज रोखणारी वाफ सोडणारा) आणि तेल हवं, असं ऑर्डरवरच लिहा. बॅचचा किमान दर लागतो, तेव्हा दोन-चार पार्टसाठी घाई करू नका. शेजारच्या वर्कशॉपचे पार्ट जमवून एकत्र पाठवा.