‘पांढऱ्या हंसा’च्या टालरने बुडवलेले 1,498 यूरो 50 सेंट

हार्त्स डोंगरातील खाणींच्या चांदीचे टालर, म्हणजे जुनी मोठी जर्मन नाणी, जमवणाऱ्या जर्मनीतील मराठी मंडळींनी हे जरूर वाचावे, कारण मला गंडवणारा माणूस नव्या नावाने पुन्हा विक्रीला बसला आहे.

मी घेतला तो ब्राउनश्वाइगचा ड्यूक पहिला कार्ल याच्या काळातील, त्सेलरफेल्ड टांकसाळीचा म्हणून विकलेला ‘वाइसर श्वान’ (पांढरा हंस) खाणीचा एक टालर. त्यावर हंस असतो आणि ती खाण कोणत्या तिमाहीत नफ्यात आली, हेही कोरलेले असते. अशा नाण्यांना भाव येतो तो यामुळेच. नाण्याचे 1,480 आणि टपालाचे 18.50 यूरो त्याने ‘मित्राला पाठवल्यासारखे’, म्हणजे खरेदीदाराला संरक्षण नसलेल्या मार्गाने, पाठवायला लावले. या मार्गाने कोणी पैसे मागितले, तर व्यवहार तिथेच मोडा.

अजूनही जळजळ होते ती एका गोष्टीची. त्याच्याकडे असे दोन टालर होते आणि दोन्हींवर हंसाच्या मानेखाली, त्याच जागी, तसाच तिरका ओरखडा होता. अडीच शतके वेगवेगळ्या हातांतून फिरलेल्या दोन नाण्यांना एकच ओरखडा कसा पडेल? एकाच अस्सल नाण्याचा साचा काढून दोन्ही ओतलेली होती. पण लोहचुंबक चिकटत नव्हता, व्यास जुळत होता, सोबत प्रमाणपत्र होते आणि खाणींविषयीच्या प्रत्येक प्रश्नाला त्याने बिनचूक उत्तर दिले होते. अशा माणसावर कोणीही विश्वास ठेवला असता.

पवित्र रोमन साम्राज्याच्या 1566 च्या मानकाप्रमाणे टालर 29.23 ग्रॅमचा आणि 889 कसाचा, म्हणजे हजारात 889 भाग चांदीचा. माझे नाणे भरले 27.4 ग्रॅम. तो म्हणाला, झीज. जवळजवळ दोन ग्रॅम झिजले आणि अक्षरांच्या कडा मात्र टोकदार राहिल्या? पुढे तपासणीत घनता दर घन सेंटिमीटरला 10.3 ग्रॅमच्या आसपास हवी ती 9.4 निघाली आणि काठावर कानशीने घासलेला सांधा सापडला. घनता पैसे देण्याआधी तपासून घ्या.

पोलिसांनी हा दिवाणी वाद असल्याचे सांगून वकील गाठायला सांगितले. वकिलाच्या मते गुन्हा उघड होता. बँकेने पैसे मीच स्वेच्छेने पाठवल्याचे कळवले, तर विक्रीस्थळाने व्यवहार आपल्याबाहेर झाल्याचे सांगून हात झटकले. शेवटी सरकारी वकिलांच्या कार्यालयाचे पत्र आले, की आरोपीला नाणे खोटे असल्याचे ठाऊक होते हे सिद्ध होत नाही, म्हणून तपास बंद. एकाच ओरखड्याच्या दोन नाण्यांची छायाचित्रे मी तक्रारीला जोडली होती. ती कोणी उघडून पाहिली असतील, असे त्या पत्रावरून तरी वाटत नाही.

आता तो नाणे परत पाठवल्यास पैसे देतो म्हणतो. मी ते पाठवणार नाही, कारण माझ्या हाती पुरावा उरला आहे तो तेवढाच.